शनिवारच्या गाडीपुढे वाविसोआ

माझ्या नणंदेचं आणि माझं कधी पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्या बाजूने बोलले तर कुणी म्हणायला नको की घरचीच माणसं, गोडवे गाणारच. वाविसोआचे गोडवे गाण्यासारखं काही नव्हतं. तोंड फाटकं, मान ताठ, आणि कुणाचं देणंघेणं नसताना भांडण उकरून काढायची हौस. लग्न होऊन मी अंबातोव्हाकीला आले, पहिल्या दिवशी भात शिजवला, तर हिने टोपात डोकावून भावाला विचारलं, "काय रे बोतो, हा भात माणसांसाठी आहे की डुकरांना घालायचा?" बोतो, म्हणजे माझा नवरा, हसला. तो नेहमी हसतो. बायको आणि बहीण एकमेकींच्या झिंज्या उपटत असल्या तरी हा बाजूला बसून दोर वळत राहील.

तिने दोन नवरे केले आणि दोघांनाही हाकलून दिलं. पहिल्याला दारूपायी, दुसऱ्याला तो फार गप्प असायचा म्हणून. मग आईकडे परत आली ती कायमची. आईकडे म्हणजे आमच्याकडेच. एकाच अंगणात दोन चुली, आणि मधे माझ्या सासूबाई, दोन्हीकडचं चाखत बसलेल्या.

आमच्या गावाला रस्ता नाही, फक्त रेल्वे आहे. डोंगरावरच्या शहरातून निघते, जंगलातून बोगदे आणि पूल ओलांडत खाली समुद्राकाठच्या बंदराला जाते. केळी, कॉफी, ओढ्यातले झिंगे, मीठ, बाळंतीण, डॉक्टर, सगळं त्या एका गाडीने. मी स्टेशनात कॉफी विकते. वाविसोआ केळी पोचवायची. तिची स्वतःची फळीगाडी होती: दोन जाड फळ्या, खाली लोखंडी चाकं, आणि चाकाला दाबून धरायला एक दांडकं, तोच ब्रेक. रुळावर ठेवायची, चढावर ढकलायची, उतारावर वर बसायचं. रेल्वेला हे चालत नाही, पण सगळी लाईन करते. नियम एकच. मागून गाडीचा आवाज आला की फळी उचलून बाजूला व्हायचं. वाविसोआ केळीचे घड उतरवून, फळी उचलून, वर गाडीतल्या टीसीला दोन शिव्या घालून उभी असायची, तोवर बाकीचे अजून घडच मोजत असायचे.

स्टेशनात आता एक रंगीत पाटी आहे. ही लाईन फ्रेंच इंजिनिअरांनी मोठ्या धाडसाने बांधली, असं तिच्यावर लिहिलंय. मला रोज ती बघत कॉफी गाळावी लागते. फ्रेंचांनी काय बांधलं? टोप्या घालून उभे राहिले. बांधली ती धरून आणलेल्या माणसांनी. सासूबाईंचे वडील खालच्या साहामेना गावचे. बाजारात मीठ आणायला गेले, तिथून दोरीला बांधून थेट कामावर. बायको तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून मागोमाग आली आणि मजुरांच्या झोपड्यांत राहिली. आमचं गाव म्हणजे त्याच झोपड्या. पुढे बोगद्यात दरड आली. आत कोण कोण होतं ते साहेबाने विचारलंसुद्धा नाही. दगडमाती उपसायला लावली आणि ती पलीकडच्या भरावात टाकली. सासूबाईंचा बाप त्या भरावात आहे. नेमका कुठे, ते कुणाला ठाऊक नाही. वरून रूळ गेले.

आमच्यात माणूस मेला की त्याला कुळाच्या थडग्यात जागा मिळायला हवी, बापजाद्यांच्या शेजारी. नाही मिळाली तर तो ना इथला ना तिथला, नुसता भिरभिरत राहतो. म्हणून सासूबाई जन्मभर, गाडी त्या भरावावर आली की, खिडकीतून तोआकाचा घोट बाहेर ओतायच्या. तोआका म्हणजे आमची उसाची दारू. जिवंत पितात ती नंतर, आधी मेलेल्यांना. आणि दर वेळी एकच टुमणं, "मला रुळाशेजारी ठेवू नका गं. मला साहामेनाला न्या."

"नेते म्हटलं ना," वाविसोआ खेकसायची. "आधी मर तर खरी."

मग शनिवारची गाडी सुरू झाली. राजधानीतल्या कुणा कंपनीने एक जुना डबा रंगवला, पांढराशुभ्र, मोठ्या काचा, आत गाद्या. त्यातून वाझाहा येऊ लागले, म्हणजे गोरे पाहुणे. शुक्रवारी गाडी रिकामी वर जायची, शनिवारी पाहुणे घेऊन खाली यायची. आमच्या रोजच्या गाडीचं काही मोडलं की सामान नसायचं. शनिवारच्या गाडीचं मोडलं की रातोरात यायचं. आमची केळी फलाटावर काळी पडायची आणि पाहुणे त्या काळ्या केळ्यांचे फोटो काढायचे. गाडीबरोबर रझाका नावाचा एक आपलाच माणूस असायचा, डोंगरावरचा, गळ्यात शिट्टी, तोंडात साखर. "बायांनो, जरा हसा. बायांनो, टोपली डोक्यावर घ्या ना." टोपली डोक्यावर घ्या! माझी टोपली, माझं डोकं.

एकदा एका बाईने खिडकीतून पोरांपुढे गोळ्या फेकल्या, कोंबड्यांना दाणे टाकतात तशा. पोरं तुटून पडली. वाविसोआने पोरांना मागे ढकललं, उरलेल्या गोळ्या वेचल्या आणि खिडकीतून त्या बाईच्या मांडीवर उधळल्या. "घे, आता तू टिप." रझाका धावत आला. त्याच्या शिट्टीला धरून तिने त्याला जवळ ओढलं आणि काय बोलली ते मी सांगणार नाही. मी पोट धरून हसले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ही बया आपल्या घरातली आहे ते बरंच आहे.

सासूबाई गेल्या तेव्हा आमची रोजची गाडी वरच्या एका स्टेशनात मोडून पडली होती. कधी येईल, कुणी सांगत नव्हतं. पायवाट नदीने खाल्ली होती. पेटी तयार होती, सासूबाईंना चटईत गुंडाळून आत ठेवलं होतं, भोवती कोळसे, निलगिरीचा पाला. शुक्रवारी शनिवारची गाडी वर जाताना थांबली तेव्हा वाविसोआ केस बांधून, स्वच्छ लुगडं नेसून रझाकापुढे गेली. माझ्या आयुष्यात तिला कुणापुढे हात जोडताना मी तेवढंच पाहिलं.

"साहेब, उद्या खाली जाताना आईला मागच्या डब्यात न्या. साहामेनापर्यंत. आम्ही उभे राहू, बसायला मागत नाही."

"बाई, मागच्या डब्यात पाहुण्यांचं जेवण असतं."

"मग टपावर."

"अहो, वास येईल. आणि मला सांगा, लोक काय मेलेली माणसं बघायला पैसे भरतात?"

बोतो हसला नाही. वाविसोआने जोडलेले हात सोडले. "ठीक आहे," ती म्हणाली. माझी नणंद 'ठीक आहे' म्हणाली की मी घरातल्या सुऱ्या लपवते.

शनिवारी सकाळी तिने फळीगाडी धुतली. केळीचा चीक घासून काढला, वर नवी चटई टाकली. बोतो आणि त्याच्या चुलतभावांनी पेटी वर ठेवली आणि मागून दोर धरले. उतार आहे, केळी धावत गेली तर चालतं, आईला धावत नेता येत नाही. बायका मागे चालू लागल्या. मी वाविसोआला म्हटलं, "अगं, थोड्या वेळाने शनिवारची गाडी येईल."

"येऊ दे की."

"मग फळी उचलावी लागेल."

"वहिनी, एकदा घरातून निघालेलं मढं थडग्यापर्यंत खाली ठेवतात का?"

नाही ठेवत. ते फादी आहे, म्हणजे आमच्यात जे करायचंच नाही असं काहीतरी. मेलेलं माणूस वाटेत जमिनीला टेकलं तर ते तिथलंच होऊन बसतं. आणि मागे फिरवणं तर त्याहून वाईट. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. शनिवार तिने उगाच निवडला नव्हता.

बोगद्याच्या अलीकडे मागून हॉर्न आला. आम्ही बाजूला झालो नाही. गाडी हळू झाली, मग आणखी हळू, आणि मग आमच्या पायांच्या चालीने मागून येऊ लागली. रझाका उडी मारून पळत आला.

"फळी उचला! काय चाललंय काय? उचला म्हणतो ना!"

"उचलता येत नाही," वाविसोआ म्हणाली. "फादी आहे. तुमच्या आईलासुद्धा असंच नेतील, विचारून बघा."

"माझे पाहुणे खोळंबलेत!"

तेव्हा ती वळली. तिच्या अंगावर लाल वस्त्र होतं, आईचंच, आणि तिचा आवाज त्या डोंगराला आपटून परत आला. "मागे यायचं तर मागे या! नाही तर माघारी जा! पुढे मात्र माझी आईच राहील!"

रझाकाने ड्रायव्हरला हॉर्न दाबायला सांगितलं. ड्रायव्हर आमच्याच जंगलातला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "साहेब, मढ्यामागे मी हॉर्न वाजवत नसतो. तुम्हाला हवा तर या, तुम्ही दाबा." रझाकाने दाबला नाही. आपलाच माणूस तो, कुठेतरी भीती असतेच.

भरावावर आम्ही थांबलो. बोतोने रुळांच्या मधे तोआका ओतली आणि म्हणाला, "आजोबा, तुमची पोर चाललीय. तुम्हाला नेता आलं नाही, रागावू नका." वाविसोआ रडली नाही. तिने गुडघ्यावर बसून एका रुळाच्या बाजूची खडी उपसली, हाताला लागली ती मूठभर माती घेतली आणि पेटीवर चटईखाली ठेवली. "आई, बाप घे," एवढंच म्हणाली. मी रडले. सासू होती माझी, आणि माझा भात तिला आवडायचा. मागे गाडीच्या काचा कॅमेऱ्यांनी भरल्या होत्या.

साहामेनाला वाविसोआच्या मामांनी, म्हणजे सासूबाईंच्या चुलतभावांनी, थडगं उघडून ठेवलं होतं. सासूबाई आत गेल्या, मूठभर मातीसकट. मग भात. आमच्यात मढ्याच्या मागे जो चालला तो शोकाला आला, मग तो वैरी का असेना. जेवल्याशिवाय त्याने जायचं नाही आणि उभ्याने जेवायचं नाही. अख्खी गाडी मागे चालली होती. वाविसोआने सगळ्यांना उतरवलं, चटया टाकल्या, केळीच्या पानांवर भात आणि सुकी मासळी वाढली. पाहुणे बसले, हाताने जेवले. एक म्हातारी वाझाहा मुसमुसून रडली. मला तिचा राग आला. मरण आमच्या घरात, आणि रडते कोण तर ही. रझाका पान हातात घेऊन उभा होता.

"बसा," वाविसोआ म्हणाली.

"घाई आहे हो बाई."

"बसा म्हणते ना! उभ्याने जेवलात तर आईला वाटेल हाकलून द्यायला आलात."

बसला. तिने त्याच्या पानात मासळीचा मोठा तुकडा टाकला. इतकी वाईट बाई, पण रीत म्हणजे रीत.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण त्या फोटोंना पाय फुटले. ते कुठे कुठे गेले कोण जाणे, दोन-तीन महिन्यांत रझाका परत आला तो साखरेचं पोतं घेऊन आणि दात दाखवत. गावचा प्रमुख बेझारा, त्याच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. रझाकाच्या माणसांनी गाडीतून एक पेटी उतरवली. नवीकोरी, पॉलिश मारलेली, पितळी कड्या.

"दर शनिवारी," रझाका म्हणाला, "फक्त भरावापासून पुढे. पेटी रिकामी असेल, अगदी हलकी. वाविसोआबाईंनी त्या दिवशीसारखं वळून ओरडायचं. मग खाली भात. लोक वेडे झालेत बघा त्याच्यासाठी! आणि तुमची केळी, ती मी सोडतो का? मालडबा तुमच्या स्टेशनात थांबेल, माझी जबाबदारी."

बेझाराने डोकं खाजवलं. मालडबा थांबला नाही तर केळी कुजतात, आणि केळी कुजली तर आम्ही काय खायचं, खडी? माणसं एकमेकांकडे बघू लागली. खोटं कशाला बोलू, दोघाचौघांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

वाविसोआ पेटीपाशी गेली. तिने झाकण उघडून आत बघितलं. "कोण आहे यात?"

"कुणी नाही, बाई! तेच तर सांगतोय, रिकामी आहे."

"रिकामी पेटी रुळावरून दर आठवड्याला फिरवायची? ती माणूस मागत फिरेल ना रे, गाढवा! कुणाचं माणूस देऊ? तुझं देऊ?"

"बाई, हे नुसतं नाटक आहे."

"त्या दिवशी तू म्हणालास, मेलेली माणसं बघायला लोक पैसे भरतात का म्हणून. आता भरतायत म्हणून आलास होय?" आणि बेझाराच्या लाकडांच्या ढिगातली कुऱ्हाड घेऊन तिने ती पेटी फोडली. एक घाव, दोन घाव, बेझारा मधे पडायला गेला तर त्याच्या पायाशी एक फळी उडाली. पितळी कड्या तिने रझाकाच्या हातात ठेवल्या. "घ्या. या चांगल्या आहेत, वाया जायला नकोत."

रझाकाने वर काय सांगितलं कोण जाणे, मालडबा आमच्याकडे थांबेना झाला. गाव तिच्यावर फिरलं. विहिरीवर बायका मला ऐकवायच्या, "तुझ्या नणंदेच्या नखऱ्यापायी आमची पोरं उपाशी." मी त्यांना उलट सुनावायचे आणि घरी येऊन तिला सुनावायचे. "जरा गोडीने नाही म्हणता आलं नसतं? कुऱ्हाडच कशाला लागते?"

"गोडीने तू म्हण. तुझ्याकडे कॉफीची साखर आहे."

रझाका काय, एकाकडे दार बंद झालं की दुसऱ्याकडे जाणारा. तो साहामेनाला गेला. तिथल्या लोकांनी नवी पेटी ठेवून घेतली. वाविसोआच्या मामांनी, ज्यांनी सासूबाईंना थडग्यात घेतलं त्यांनीच. शेवटच्या वळणावर फळीगाडी, तिच्यावर रिकामी पेटी, मागे रडणाऱ्या बाया, मागे शनिवारची गाडी. आणि लाल वस्त्र पांघरलेली एक पोरगी वळून ओरडायची, "पुढे मात्र माझी आईच राहील!" तिची आई फलाटावर भाताचे हंडे सांभाळत असायची.

वाविसोआला कळलं त्या शनिवारी ती फळीगाडी घेऊन एकटीच खाली गेली. काय झालं ते मामांच्या सुनेकडून मला नंतर कळलं. हिने रुळाच्या कडेला बसून सगळं नाटक शेवटपर्यंत पाहिलं. टाळ्या झाल्या. पाहुणे जेवायला बसले. मग ही उठली आणि मामांना पाहुण्यांसमोर बोलली, त्यांच्या सात पिढ्या बाहेर काढल्या, ज्या हातांनी आईला आत ठेवलं तेच हात आता रिकामं लाकूड कुरवाळतात म्हणाली. म्हातारा मामा उभा राहिला.

"चालती हो. जिवंतपणी इथे पाय ठेवू नकोस."

"आणि मेल्यावर?"

मामा परत खाली बसला. "मेल्यावर थडगं तुझं आहे. त्याला मी नाही कसा म्हणू?"

"मग मेल्यावर येते. पण शनिवारी नाही येणार, सांगून ठेवते."

घरी आली, माझ्या चुलीपाशी बसली, तिच्या नाही, माझ्या. चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "वहिनी, ती पोरगी माझ्यापेक्षा चांगलं ओरडते गं." मी तिला कॉफी दिली. तिने ती पातळ आहे म्हणून सांगितलं आणि सगळी प्यायली.

त्यानंतर ती फार वर्षं जगली नाही. छातीत पाणी झालं. मी तिचं सगळं केलं, कारण दुसरं कोण करणार? भरवताना म्हणायची, "हा भात कुणी शिजवला? कळलंच, तूच." शेवटी शेवटी तोंडातून शब्द नीट फुटेना, तरी एकच बोलणं चालू होतं. माझं मनगट धरून, "शनिवारी नको. त्यांच्या पुढे नको. मला वचन दे."

"दिलं."

"नुसतं दिलं नको म्हणू. तुझ्या भातावर हात ठेवून म्हण."

मी टोपावर हात ठेवून म्हटलं. मंगळवारी ती गेली.

मंगळवारी आणि गुरुवारी आमच्यात थडगं उघडत नाहीत. बुधवारी पेटी केली आणि निरोप पाठवला. मामांनी उलट निरोप दिला, शुक्रवारी पहाटे या. शुक्रवारी पहाटे निघालो तर बोगद्याच्या तोंडावर रात्रीच्या पावसाची दरड. शनिवारची गाडी तेवढी पावसाच्या धास्तीने गुरुवारीच वर गेली होती. पेटी खाली ठेवायची नाही म्हणून पुरुषांनी आळीपाळीने फळीगाडी धरून ठेवली आणि बाकीच्यांनी हातांनी, फावड्यांनी दगड उपसले. दिवसभर. मी चिखलात बसून दगड काढत होते आणि तिच्याशी भांडत होते, "मेल्यावरही हट्ट? आता तरी वाट दे ना!" रूळ मोकळे झाले तेव्हा शनिवार उजाडला होता. मढं मागे फिरवता येत नव्हतं, तिथे ठेवता येत नव्हतं. बोतोने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चला. भरभर चला. गाडी यायच्या आत पोचू."

उतारावर पळवून नेता येत नाही, हे मी आधीच सांगितलंय. भरावावर बोतोने तोआका ओतली, आणि मागून हॉर्न आला.

गाडी जवळ आली, हळू झाली. रझाका दारात उभा होता. त्याने बोतोला पाहिलं, मला पाहिलं, आमचे चिखलाने माखलेले हात पाहिले. ही पॉलिशची पेटी नाही हे त्याला पाहिल्या क्षणी कळलं. वाविसोआ आमच्यात नाही हेही कळलं. त्याने तोंड उघडलं, मग मागे वळून पाहुण्यांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. आत जाऊन बसला. त्यांना काही सांगितलं नाही. त्या माणसाला मी या जन्मी माफ करणार नाही.

शेवटच्या वळणावर साहामेनाची नाटकवाली मंडळी गवतात पेटी टेकवून, तिच्यावर बसून विड्या ओढत होती. आम्हाला पाहून उठली. ती लाल वस्त्रातली पोरगी माझ्याकडे बघत राहिली, तिने वस्त्र खांद्यावरून काढून मुठीत चुरगाळलं. आम्ही पुढे गेलो, गाडी मागे, आणि फलाटाशी थांबलो. पाहुणे उतरले. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझं डोकं फिरलं. मी वळले आणि जीव तोडून ओरडले, "गप! गप बसा! माझी नणंद आहे ती! खरी आहे!" तर टाळ्या वाढल्या. एक जण फोन घेऊन माझ्या तोंडापाशी आला. वळून ओरडणारी बाई त्यांना सांगितलेलीच होती, तिची ते वाटच बघत होते. जितकी मी ओरडत होते तितके ते खूश होत होते. मी ओरडायची थांबले. दुसरं काय करणार होते?

पुरुषांनी पेटी उचलायला खांदा घातला. रात्रभर कुणी झोपलं नव्हतं. बोतोही आता म्हातारा झालाय, त्याचा गुडघा लचकला, पेटी एका बाजूला कलली, आणि आत वाविसोआ घसरली. डोक्याच्या बाजूला आपटल्याचा धप्प आवाज झाला. लाकडाचा नाही, माणसाचा. बोतो कळवळून म्हणाला, "लागलं का गं?" पुढच्यांच्या टाळ्या थांबल्या. मग त्यांच्या मागच्यांच्या. शेवटी एकटाच कुणीतरी मागे टाळ्या वाजवत राहिला, त्याला कुणीतरी हाताला धरून थांबवलं.

म्हातारा मामा स्वतः पुढे आला आणि त्याने बोतोच्या जागी खांदा दिला. तिला आत ठेवलं, आईच्या शेजारी.

मग भात. पाहुणे गाडीत चढू लागले होते, पण मढ्याच्या मागे चालले होते ते, आणि मी रीत मोडणारी नव्हे. मी मामांच्या सुनेला त्यांना बोलवायला पाठवलं. ते मान खाली घालून रांगेत आले, हातात केळीची पानं धरून, शेवटी रझाका. चटया भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या होत्या. ओगराळं माझ्या हातात होतं. त्या दिवशीचा भात मीच तिथल्या हंड्यात घाईने शिजवला होता, बुडाला लागलेला, वर कच्चा. वाविसोआ असती तर म्हणाली असती, हा डुकरांना घालायचा. मी तो एकेकाच्या पानावर भरभरून वाढला, आणि कुणालाही बसा म्हटलं नाही.